पुढचे मागे, मागचे पुढे

ब्रेक मी दाबला होता, देवाशप्पथ. गाडीने तो मनावर घेतला नाही. ती घसरत थेट हवालदारांच्या दुकानावर गेली. जुन्या टायरांची उतरंड कोसळली आणि पलीकडे बाकावर बसलेल्या म्हातारीच्या पायाजवळची पत्र्याची पेटी चेपली. म्हातारी वीतभराने वाचली.

हवालदार काही पोलिसातले नाहीत. चाकांत हवा भरतात म्हणून अख्खी गल्ली त्यांना हवालदार म्हणते. ते बाहेर आले आणि मला किंवा म्हातारीला काही न विचारता आधी गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकले. टायरच्या नक्षीवरून अंगठा फिरवला. नक्षी कसली, माझं टक्कल बरं!

"मागेच म्हटलं होतं ना, टायर फिरवून घ्या?"

म्हटलं होतं. "रोज फिरतातच की!" असा विनोद मारून मी तेव्हा सटकलो होतो. त्या विनोदाला घरी बायकोसुद्धा हसली नव्हती.

"पुढचे मागे, मागचे पुढे," जॅक लावता लावता ते म्हणाले. "गाडी ओढायची, वळवायची, ब्रेक सोसायचा, सगळं पुढच्यांनी; मागचे जावयासारखे नुसते बसून येतात. वेळेवर अदलाबदल केली तर चारही सारखे झिजतात, जास्त चालतात, आणि गाडी थांबवाल तिथे थांबते. पण तुम्हाला दाढी-कटिंगएवढा खर्च जड! घ्या आता दोन नवे."

म्हातारी पेटीचं झाकण दाबून बघत होती. ते काही बसेना.

"आई का तुमची?" मी विचारलं.

"आम्हा चौघा भावांची. हिलाही फिरवतो. एकाकडेच ठेवली तर एकट्यावर भार पडतो. आज धाकटा न्यायला येणार होता. फोन उचलत नाही सकाळपासून."

"हे चौघे चाकं, बाबा," म्हातारी मला म्हणाली. "मी स्टेपनी."

हवालदार खो खो हसले. मीही हसलो, आणि मग ते हसू कुठे ठेवावं ते कळेना.

"अरे, पेटी मोडली माझी," म्हातारी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात चक्क आनंद होता. "आता कशी जाऊ? राहते ना इथेच. कोपऱ्यात पडून राहीन."

हवालदारांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापली, पेटीला करकचून आवळली आणि पेटी माझ्या मागच्या सीटवर टाकली.

"धाकट्याचं घर तुमच्या वाटेवरच आहे, साहेब. मजुरी राहू द्या, हिला तेवढी सोडा."

म्हातारी पेटीशेजारी जाऊन बसली. नुकसान मी केलेलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तरी मी त्यांना बाजूला घेतलं.

"हवालदार, ती इतकी थकलीय. आता फिरवून फायदा काय?"

"फायदा एकच, साहेब, फुटेल तेव्हा माझ्या दारात नसेल."