नववीत सांगेन

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी माझी बायको वसुधा वारली. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, ती गणित आणि मी मराठी.

जूनमध्ये शाळेतलं तिचं कपाट रिकामं करताना वार्षिक नियोजनाची वही सापडली. आठवीच्या पानावर, ऋण संख्यांच्या गुणाकारासमोर, तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'आता फक्त नियम. कारण नववीत, पहिल्या तासाला.' शाळेत सगळं असंच वाटून दिलेलं असतं. एकच विषय दरवर्षी थोडा खोल न्यायचा आणि उरलेला पुढच्या इयत्तेवर सोपवून घंटा झाली की वर्गाबाहेर पडायचं. पुढचं वर्ष येणार, हे सगळ्यांनीच धरलेलं असतं.

मीही तिला एकदा ते कारण विचारलं होतं. पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "थांबा जरा. तुम्ही अजून आठवीतच आहात."

काल नववीच्या वर्गात हजेरी घेत होतो, तेव्हा एक मुलगी उभी राहिली.

"सर, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, ते बाई यंदा सांगणार होत्या."

"नव्या सरांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, तो भाग मागच्याच वर्षी झालाय."

मी तिला बसायला सांगितलं आणि उरलेली हजेरी घेतली.

वही आता माझ्या टेबलावर आहे. नववीच्या पहिल्या तासासमोर 'कारण सांगणे' एवढंच आहे. ते कारण कोणतं, हे तिनं लिहिलेलं नाही.