सापाला दिलेलं वचन

नवरा गेला त्या हिवाळ्यात त्याचा साप खाईना. चार फुटी, तपकिरी, अजगराच्या जातीतला नर. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आमच्या घरात, बैठकीच्या भिंतीला लागून त्याची काचेची पेटी होती. आत दिवा आणि एक पोकळ ओंडका. आणताना मी नको म्हटलं होतं. नवऱ्याने हसून आणला. कारखान्यातून आला की तो आधी काचेशी वाकायचा, मग माझ्याशी बोलायचा. त्या जनावराची मला तेव्हाही माया नव्हती. पण ते मरू नये असं वाटत होतं, कारण सासूबाई नागपूरहून येऊन राहिल्या होत्या, आणि साप मेला असता तर तो मी मारला असं ठरलं असतं.

त्या मला न्यायला आल्या होत्या. एकट्या बाईने परदेशात राहायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न. मॅनहाइमच्या ग्रंथालयात माझी नोकरी होती आणि मला कुठेही जायचं नव्हतं. भांडण मात्र व्हायचं ते फ्रीझरवरून.

“मटाराशेजारी उंदीर,” त्या म्हणायच्या. “माझ्या मुलाच्या घरात.”

“तुमच्या मुलानेच ठेवलेत ते, आई.”

जनावरांच्या डॉक्टरणीला तपासून काही सापडलं नाही. आल्झो, म्हणजे तर मग, वाट बघा, ती म्हणाली. नर कधी कधी हिवाळाभर खात नाहीत. घरी येऊन मी ते सांगितलं.

“असं असतं होय,” सासूबाई म्हणाल्या. “तुझे सासरे तर हिवाळ्यात दुप्पट खायचे.”

मला हसू आलं, पण ते मी त्यांना दिसू दिलं नाही.

रविवारी दुपारी मी गोठलेला उंदीर गरम पाण्यात ठेवून उबदार करायचे आणि लांब चिमट्यात धरून सापापुढे हलवायचे. साप जीभ काढायचा आणि मान फिरवायचा.

“असं तोंड करून वाढल्यावर कोण जेवेल?” मागून सासूबाई.

“त्याला माझं तोंड कळत नाही. ऊब कळते.”

“तीच तर नाही तुझ्यात.”

फेब्रुवारी संपत आला होता. एका रविवारी त्या अगदी काचेजवळ आल्या, पदर सावरला आणि हळू आवाजात सापाला म्हणाल्या, “हिची काळजी करू नकोस. हिला मी इथे एकटी ठेवणार नाही. नागपूरला नेते. आता खा, बाळा.”

पिंडाला कावळा शिवत नसला की लोक असं बोलतात; गेलेल्याची इच्छा ओळखून वचन देतात. आमच्यात हे नाही. सासूबाईंच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच असले विधी घराबाहेर काढले, आणि हे मला अभिमानाने सांगितलं होतं ते सासूबाईंनीच. मुलगा गेल्यावर त्यांनी फक्त बुद्धवंदना केली होती.

“आई, असं कावळ्याशी बोलतात.”

“मी माझ्या मुलाच्या सापाशी बोलतेय. तू हात हलवू नकोस.”

ज्या घासासाठी मी इतके आठवडे गुडघे टेकून बसत होते, तो आता त्याने घेऊ नये असं मला मनापासून वाटू लागलं. सापाची जीभ बाहेर आली, आत गेली. मग झडप, आणि उंदराभोवती वेटोळं.

सासूबाईंनी हात जोडले. “झालं. ऐकलं त्याने.”

“थंडी संपत आलीय म्हणून खाल्लं.”

“मी बोलले आणि खाल्लं. तुझ्या डोळ्यांदेखत.”

घडलं तसंच होतं. उंदराचा फुगवटा सापाच्या अंगातून अजून पुढे सरकत होता, तोवर त्यांनी नागपूरला माझ्या दिराला फोन लावलासुद्धा. “वरची खोली रंगवून घे. ही येतेय. तुझ्या भावाची इच्छा आहे.”

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. “भाऊजी, खोली रंगवा आणि भाड्याने द्या. वचन आईंनी दिलंय, मी नाही.”

“त्याच्या इच्छेपुढे तू कोण?” सासूबाई म्हणाल्या.

“इच्छा असती तर तो मला म्हणाला असता. आजारपणात त्याला शेवटपर्यंत बोलता येत होतं, आई.”

त्या काचेकडे बघत राहिल्या. “मला तर काहीच नाही बोलला,” त्या म्हणाल्या.

तेही खरं होतं. त्यांना तसंच तिथे उभं ठेवून मी चिमटा धुवायला गेले. मार्चमध्ये त्या एकट्याच परत गेल्या.