झोळीच्या पट्ट्यावरची चिंधी

भुताखेताचं सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच विचारत आलो — तू सोता बघितलं का? मग तो म्हणायचा, न्हाई, चुलत्यानं बघितलं. चुलत्याला विचारावं तर त्याच्या मेव्हण्यानं. असल्या मेव्हण्यांचा मला लई राग. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, सगळी हयात ऊसतोडीत गेली. मसणवट्याला लागून पाचटाच्या कोप्या टाकून राहिलो, अंधारात फडात शिरलो. साप दिसले, रानडुकरं दिसली, मुकादम दिसला. भूत काही दिसलं नाही. तेव्हा खालचं वाचून ज्याला हसायचं त्यानं हसावं, पण मेव्हण्याचं म्हणू नये. हे माझं सोताचं आहे. चौथी शिकलोय, मोबाईलवर एका बोटानं लिहितोय, चुका पोटात घाला.

माझी बायको हौसा मागच्या वर्षी गेली. आजारी पडली, दवाखान्यात नेली, गेली. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि मी मागं सरकायच्या आत कावळा शिवला. भावकी खूश. "नशीबवान बाई, कशातच जीव अडकला नव्हता." सगळे माना डोलवायला लागले. आता याला काय म्हणावं? लोकांचे कावळे उन्हं डोक्यावर आली तरी येत नाहीत. लोक हात जोडून सांगतात, पोरीचं लग्न करू, गाय सांभाळू, तवा कुठं कावळा खाली उतरतो. इथं मी तोंड उघडायच्या आधीच काम उरकलं. एवढा जन्माचा संसार, आणि हिला मागं वळून बघावं असं काहीच नव्हतं? मीसुद्धा नाही? तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. सपनात पण आली नाही बाई.

माझी पोरगी शालन पुण्याला असते. जावयाला डोंगरात हिंडायचा नाद. ह्या श्रावणात दोघं गावी आले.

शालन म्हणाली, "अण्णा, घरात बसून भिंतीशी भांडत असता तुम्ही. चला आमच्याबरोबर अकोले-भंडारदऱ्याकडं, डोंगरात."

"डोंगरात काय हाय?"

"झाडांना झोळ्या बांधून राहायचं."

"मंग घर कशाला बांधलं?"

जावई हसले. मला हसू आलं नाही. पण पोरगी ऐकेना, म्हणून एका अटीवर गेलो — गोधडी बरोबर घेणार. हौसानं आजारी पडायच्या आधी शिवलेली शेवटची गोधडी, आतून-बाहेरून तिच्याच लुगड्यांची. शालनला ती धुवायची घाई. मी हात लावू देत नाही. तिला हौसाचा वास आहे, मिशेरीचा आणि खोबरेल तेलाचा. एकदा भिजली की गेला. मग माझ्याकडं काय राहतं?

भंडारदऱ्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या भातखाचरांच्या वर जावयानं जागा बघितली होती. हिरड्याची झाडं, खाली चिखल, वर ढग. आमच्याकडं पावसासाठी देव पाण्यात घालतात आणि इथं लोक पावसात झोपायला येतात. जावयानं झाडांना पट्टे बांधले, त्यांना झोळ्या अडकवल्या, प्रत्येक झोळीवर दोरी ताणून ताडपत्री टाकली. मग म्हशीला टेम्पोत चढवावं तसं दोघांनी मिळून मला आत लोटलं. उशाला माझं नवं उपरणं, अंगावर गोधडी.

"मामा, आता कितीही पाऊस येऊ दे, थेंब लागणार नाही," जावई म्हणाले आणि दोघं खाली शेतकऱ्याच्या घरी भाकरी सांगायला गेले.

दुपार होती. त्यांची पाठ वळली आणि धो धो सुरू झाला. वरून थेंब येत नव्हता, ते खरं. पण पट्टा झाडाला बांधलेला आणि झाड उघड्यावर. खोडावरून वाहणारं पाणी पट्ट्यावर आलं आणि पट्ट्यावरून मुंग्यांच्या रांगेसारखं माझ्याकडं निघालं. डोक्याकडून तेच, पायाकडून तेच. उठायला गेलो तर झोळी उठू देईना. गुडघे धरलेले, खाली टेकायला काही नाही. जितकी धडपड करावी तितका आत रुतत गेलो. शालनला हाका मारल्या. पावसाच्या आवाजात मलाच ऐकू येईनात.

मग गोधडी गोळा करून पोटाशी धरली आणि हौसाला शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू. म्हणालो, "बघ, भिजली तुझी गोधडी. तू गेलीस कावळ्याबरोबर, आता ही पण चालली. बस निवांत." लई काय काय बोललो. बोलून दमलो, डोळे मिटून घेतले... आणि असल्या पावसात माझा डोळा लागला. ते कसं, तेही मला सांगता येत नाही.

जाग आली ती शालनच्या हाकेनं. दोघं पळत वर आले होते, चिंब. जावयाच्या हातात बारक्या दोऱ्यांचा गुंता.

"मामा, माफ करा, चूक झाली. पट्ट्यावर अशी दोरी बांधून खाली सोडायची असते, म्हणजे पाणी तिथंच गळून जातं. आमच्या झोळ्यांना बांधल्या, तुमच्याच राहिल्या. दोऱ्या खिशातच होत्या. पार भिजला असाल तुम्ही."

शालननं झोळीत हात घातला. इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं.

"अण्णा, कोरडं हाय सगळं."

गोधडीला थेंब नव्हता. जावई पट्ट्याशी गेले आणि तिथंच उभे राहिले.

"मामा, ही चिंधी कुणी बांधली?"

डोक्याकडच्या पट्ट्यावर एक चिंधी, पायाकडच्या पट्ट्यावर एक. दोन्हीच्या टोकातून पाणी टिपटिप खाली पडत होतं. चिंधीपासून झोळीपर्यंत पट्टा कोरडा. कापड पांढरं. मी उशाखाली हात घातला. माझ्या नव्या उपरण्याचा काठ उभा फाडलेला.

आता हे ऐका. शालन तान्ही असताना हौसा तिची झोळी फडाच्या कडेला बाभळीला बांधायची. अवकाळी आला की वर मेणकापड टाकायची आणि झोळीच्या दोरीला चिंधी बांधायची. मी एकदा विचारलं, हे काय सोंग? तर म्हणाली, "पान्याला वाट दावली की पानी ऐकतं. तुमच्यावानी न्हाई." आणि चिंधी कशाची? तर माझ्या धोतराची. घरात चिंधी लागली की माझं धोतर फाटायचं, लुगड्याला हात कधी लागला नाही. बाई डावखुरी. तिची गाठ उलटी बसायची, जनावराचं दावं सोडताना रोज माझी नखं मोडायची.

मला खाली उतरवलं. मी गाठ बघितली. उलटी होती.

शालन म्हणाली, "अण्णा, तुम्हीच बांधली असंल झोपेत."

"आन् उतरलो कसा? आत्ता तुमी दोघांनी ओढलं तवा भाईर आलो."

खाली चिखल होता आणि मला उतरवलं तेव्हा माझे तळपाय कोरडे. त्या चिखलात पाऊल उमटलं होतं का, ते आता कळायचं नाही, पावसानं सगळं सारखं केलेलं. शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, एवढ्या पावसात कुत्रं भाईर पडलं न्हाई, मानूस कुठलं."

सामान आवरताना जावयाला ती गाठ सुटेना. चाकू काढला. म्हणालो, "हात लावू नका, पाव्हणं." दोन्ही पट्टे चिंध्यांसकट घरी आणलेत. खुंटीला आहेत. रोज बसतो गाठ सोडायला, नखं मोडतात, सुटत नाही.

हे काय झालं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, फक्त मेव्हण्याचं नको. कावळा खोटा होता एवढं मात्र मी भावकीत सांगून आलो. अडकला होता तिचा जीव. कशात, तेवढं कळत नाही. उपरणं माझं फाडलं, गोधडी तिची वाचवली. मग आली ती माझ्यासाठी, का गोधडीसाठी?

शालन म्हणते, तुमच्यासाठीच अण्णा. शालनला काय माहीत तिची आई.