धोंडाबाईची सावड

पडदा वर जातो तो आषाढातल्या हिर्डोशी गावावर. मागं धुक्यात बुडालेला वरंध्याचा डोंगर, पुढं पायऱ्यांसारखी उतरत आलेली भातखाचरं, आणि त्या हिरव्या रंगमंचाच्या मधोमध, गुडघाभर चिखलात, एकटी वाकलेली धोंडाबाई. साल एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचं. वय सत्तरीचं, पण हात बघावा तिचा. रोप उपटायचं, मुळं पाण्यात खळबळायची, मूठ बांधून मागं टाकायची. पन्नास पावसाळे तिनं हेच केलं होतं.

घोटाळा एवढाच, की लावणीसाठी रोपं उपटायची तो वाफा हा नव्हता. शेजारच्या चिमाजीनं कालच लावून पुरं केलेलं खाचर होतं ते.

सून अंबूबाई धावत बांधावर आली तोवर अर्धं खाचर उघडं पडलं होतं.

"आत्याबाई, बाहेर या. लावल्यालं हाय ते."

"लावल्यालं कुठलं? रोपं पिवळी पडाय लागली." धोंडाबाईनं मान वर केली. "आन तू कुणाची गं?"

सासू वर्षभर जेवण विसरत होती, वाट चुकत होती. पण सुनेला विसरली ती आज.

तेवढ्यात चिमाजी आला. खाचराकडं बघून खालीच बसला. मग मागोमाग आलेल्या अंबूबाईच्या नवऱ्याला म्हणाला, "गेनबा, म्हातारचळ लागलाय तुझ्या आईला. आज माजं खाचर, उद्या नदी. दावं घे आन गोठ्यात बांध."

घरी आल्यावर गेनबानं खुंटीवरचं दावं काढून उंबऱ्यापाशी ठेवलं. "लावणी उरकंपातूर," तो म्हणाला. "मला काय हौस हाय व्हय?"

अंबूबाईला भोरच्या दवाखान्यातला डॉक्टर आठवला. चैत्रात बैलगाडीनं म्हातारीला नेलं होतं. "करणी नाही, बाधा नाही," तो म्हणाला होता. "काहींचा मेंदू उतारवयात झिजत जातो. माणूस मागच्या दिवसांत जाऊन राहतं. औषध नाही. वाद घालू नका, बांधू नका, भेदरली तर जास्त बिघडेल. हाताला ओळखीचं काम द्या आणि जवळ कायम कुणीतरी असू द्या."

कुणीतरी, पण कुठून आणायचं? घरी बसावं तर लावणी राहते, मग वर्षभर खायचं काय? रानात जावं तर मन नदीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजीच्या बायकोच्या, साळूबाईच्या, अंगणात सावड ठरायची होती. आज साऱ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. दिवसाची फेड दिवसानं. सासूचा हात घट्ट धरूनच अंबूबाई तिथं गेली.

"म्या समद्यांच्या रानात येते," ती म्हणाली. "माज्या रानात कुणी येऊ नगा. त्या बदली एकेक दिस आत्याबाईंपाशी बसा. आमचं दोघं रेटू कसंबसं."

"सावड रानाची आसती बाई," बनाबाई म्हणाली. "म्हातारी राखायची कुठं आसती व्हय?"

अंबूबाईनं साळूबाईकडं बघितलं. रोपं हिचीच उपटली होती. हिनं नाही म्हटलं की संपलं.

साळूबाईनं पदर खोचला. "मी नवी नवरी आले तवा मला मूठ बांधता येत न्हवती. माजी सासू हातावर मारायची. ह्या धोंडाबाईनं शिकवलं." मग म्हातारीकडं बघून, "पयला दिस माजा. पर तिला माज्या खाचराकडं तोंड करून बसवू नगा, बायांनो."

बायका हसल्या. म्हातारीही हसली, कशाला ते न कळून.

बनाबाई आलीच नाही. राखणीला बसलेल्या ठकुबाईचा डोळा लागला त्या दिवशी धोंडाबाई नदीच्या वाटेवर सापडली, आणि अंबूबाईला दोन दिवस घास गेला नाही. पण बाकीच्या येत राहिल्या. पावसाची झड लागू नये म्हणून पानांचं इरलं पांघरवून म्हातारीला ओसरीवर बसवायच्या, पुढं गवताचा भारा टाकायच्या. ती दिवसभर मुठी बांधायची. दाव्याला गेनबानं हात लावला नाही.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर धोंडाबाईनं अंथरूण धरलं. अंबूबाई उशाशी बसून होती. दिवस कलला तसे म्हातारीनं डोळे उघडले, तिच्याकडं निरखून बघितलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं हळूच म्हणाली,

"कवाची बसलीयास गं बाई. जा आता घरी, तुजी सासू वाट बघत आसंल."