भैरूचं शेवटचं पान

कारखान्याच्या कोपऱ्यात रुई साठते तसे किस्से साठतात. झाडू मारला तरी थोडे उरतातच.

मी भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मेहताजी, म्हणजे कारकून. लूम चालू असले की कानात ओरडलेलंही ऐकू येत नसे. लाइट गेली की मी मोठ्याने पुस्तक वाचायचो. जादूची कादंबरी, सात भाग, राजपुत्र अमोघ आणि त्याचा जिवलग भैरू.

*

ऐकायला पुढे दोघं. लूम दुरुस्त करणारा याकूबभाई आणि राहनाळचा विणकर दत्तू. ऐकताना दोघांनाही अमोघच व्हायचं असे, कारण मार कायम भैरू खायचा.

"तू भैरू हो," दत्तू याकूबभाईला म्हणाला. "तुला शेठच्या शिव्यांची सवय हाय."

शेवटी एका प्रकरणात एक अमोघ, पुढच्यात दुसरा, असं वाटून घेतलं.

*

तिसऱ्या भागाच्या शेवटी चेटकिणीने भैरूचा दगड केला. पुस्तकं आम्ही लायब्ररीतून आणायचो, आणि चौथा भाग पडघ्याच्या एका मास्तरांनी नेला होता. याकूबभाई लायब्ररीवाल्यावर भडकला, "आदमी पत्थर होके पडा है, और तुम तारीख देते हो?"

दोघं एसटीने पडघ्याला गेले. मास्तरांची चाळीस पानं उरली होती.

"सावकाश वाचा," म्हणत दोघं ओटीवर बसले. मास्तरांनी धसक्याने तासाभरात संपवलं!

*

एकदा वाचता वाचता लाइट आली. मी पुस्तक मिटलं. दाराआडून शेठचा आवाज आला, "पान पुरं कर रे. लूम काय पळून जातात?"

*

सहाव्या भागानंतर दीड वर्ष गेलं. त्या काळात याकूबभाई आजारी पडून वारला. मग सातवा भाग आला. मी आधी घरी वाचला, तर शेवटी भैरू मरतो. दत्तूला हे सोसेल का, याची मला धास्ती वाटली. म्हणून वाचताना मी मनानेच जोडलं: भैरूने डोळे उघडले, उठून बसला, पाणी मागितलं.

दत्तूला अक्षर येत नव्हतं. तो पुस्तकाकडे बघत होता.

"मेहताजी, केव्हाचं तेच पान धरलंय तुम्ही. भैरू मेला ना?"

मी पान उलटायला गेलो.

"हाय तसं वाचा. याकूब दवाखान्यात व्हता, तवा समदे मला 'बरा हाय' सांगत व्हते. मी भेटायला गेलोच न्हाय."

मग पुस्तकात होतं तसं मी वाचलं. भैरूने अमोघच्या मांडीवर प्राण सोडला. पुढच्या पानावर लगेच राज्याभिषेक, नगारे, हत्ती. दत्तूने पुस्तकावर हात ठेवला.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मागचंच पान परत वाचा."