मास्तरांची प्रार्थना आणि शिबिराचा मचवा

किराणा दुकानात सुतळी कधी फेकत नाहीत. पुड्याची, पोत्याची, पार्सलची, जी सुटेल ती बोटाला गुंडाळायची आणि मोठ्या गुंड्याला जोडून द्यायची. गुंडा एवढा कधी झाला ते कळतच नाही. किश्श्यांचंही तसंच. आमच्या तरुण संघाचं पहिलं शिबिर कसं झालं, असं कोणी विचारलं की मी एक टोक ओढतो, आणि समोरच्याचा चहा गार होतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझं दुकान बेलापूरला. नवी मुंबई हे नाव अजून कोणाच्या तोंडी नव्हतं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी, मध्ये मिठागरं आणि भातखाचरं. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं. कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी मिठागराच्या ऑफिसात, आणि देशावरून येऊन गूळ-तांदूळ विकणारा मी एकटा. शिक्षण चौथी. तीही पूर्ण झाली असं एलीशा मास्तर मानत नसत.

पण शिबिराच्या कमिटीत मला घेतलं त्यांनीच. म्हणाले, "याकोबशेठच्या दुकानात बसायला पोती आहेत."

*

कमिटी चौघांची. पाळकसाहेब अध्यक्ष. एलीशा मास्तर मंडळीचे सगळ्यात ज्येष्ठ पंच. मिठागराच्या ऑफिसातला शमुवेल सेक्रेटरी. आणि खरेदीला मी.

मीटिंगची सुरुवात मास्तरांच्या प्रार्थनेनं व्हायची. मास्तर भूगोल शिकवायचे, आणि ते प्रार्थनेतही दिसायचं. आधी घर, मग बेलापूर, मग पनवेल, पुणे, दिल्ली, तिथून समुद्रापलीकडे. एक ऑस्ट्रेलिया सोडला तर एकही खंड उपाशी राहत नसे. माझ्या बायकोला आतल्या खोलीत सगळं ऐकू यायचं. मास्तर आफ्रिकेत पोचले की ती चुलीवर चहा ठेवायची. ते भारतात परतेपर्यंत चहा उकळलेला असायचा.

एकदा तिनं चहा दिल्लीतच ठेवला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी काढा प्यायला.

*

शिबिराला सव्वीस जण. दोन दिवसांना तांदूळ किती लागतील, हा प्रश्न आला. मास्तरांनी पाटीवर त्रैराशिक मांडलं आणि आकडा काढला.

मी विचारलं, "मास्तर, गाणी किती ठेवलीत?"

"दिवसाला बारा."

"मग दीडपट धरा. गाणारं पोर दुप्पट जेवतं."

"याला आधार काय?"

"दुकान."

पाळकसाहेब हसले. म्हणाले, "आणि माझे तीन उपदेश आहेत, त्याचं काय?"

मी म्हटलं, "साहेब, ते धरूनच दीडपट. उपदेशानं भूक लागते, पण मध्ये झोप झाली की थोडी कमी लागते."

पाळकसाहेबांनी तीनाचे दोन उपदेश केले. मोठा माणूस.

*

खरी लढाई झाली ती मुलींवरून. मुली शिबिराला जाणार हे आमच्याकडे पहिल्यांदाच. मास्तरांची मुलगी रूथ एकोणीस वर्षांची, मंडळीत पेटी वाजवायची. तिच्याशिवाय बारा गाणी होणार कशी? पण रूथला शिबिराला जायचं होतं ते पेटीसाठी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी शिबिरात एका मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाई येणार होत्या. नर्सिंगच्या शिक्षणाला या भागातून त्या दोनच मुली घ्यायच्या, आणि मुलीला समोर उभी करून बघितल्याशिवाय नाव लिहायच्या नाहीत. यादी त्याच दिवशी बंद. संध्याकाळी सहाच्या एसटीनं बाई परत.

मास्तरांचा धीर होत नव्हता. आईविना वाढवलेली पोर. परक्या गावात, रात्रपाळ्या, परक्या माणसांची आजारपणं. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, "बघू."

मी रूथला म्हटलं, "बघू म्हणाले, म्हणजे अर्धं काम झालं."

ती म्हणाली, "काका, आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. फक्त प्रेमानं."

शेवटी मास्तरांनी मुलींना परवानगी दिली, पण चौदा नियम लिहून. नियम तीन : मुलींचं पातळ घोट्याच्या वर जाता कामा नये. नियम सात : मुलं आणि मुली यांच्यात सहा फूट अंतर. नियम नऊ : प्रत्येक प्रार्थनेनंतर मुली मोजाव्यात, त्या बारा भरल्या पाहिजेत.

नियम वाचून झाले तेव्हा रूथ दारातून म्हणाली, "बाबा, प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असणार. तेव्हा सहा फूट कोण मोजणार?"

मग पाळकसाहेब म्हणाले, "प्रश्न रास्त आहे. मास्तर, शिबिरात तुम्ही डोळे उघडे ठेवून प्रार्थना करा."

चाळीस वर्षं घट्ट डोळे मिटून प्रार्थना केलेला माणूस. चेहरा असा झाला की जणू पेपरात अभ्यासाबाहेरचा प्रश्न आला. पण नियम त्यांचाच होता. चौदाचे पंधरा झाले.

*

आता माझी चूक सांगतो.

माझ्याकडे पंचांग होतं. ख्रिस्ती माणसाच्या दुकानात पंचांग कशाला? तर नारळी पुनवेला नारळ, संक्रांतीला तीळ-गूळ आधी भरून ठेवायला नको? पण मास्तरांच्या भीतीनं ते मी फडक्यात गुंडाळून साबणाच्या खोक्यामागं ठेवायचो.

शिबिराची तारीख ठरत होती. पोरांना चांदणं हवं होतं. शेकोटी, गाणी, वर चंद्र. शमुवेल म्हणाला, "पौर्णिमेचा शनिवार कधी येतोय?" सगळे कॅलेंडरवर वाकले. मी साबण शोधायच्या निमित्तानं मागं गेलो आणि येऊन सांगितलं, "जानेवारीतला दुसरा."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज, मास्तर."

शमुवेलनं लगेच टाइमटेबल काढलं. चार वाजता होडी. पाच वाजता पलीकडच्या तीरावर शिबिराच्या बंगल्यात चहा. सव्वापाचला मेट्रनबाईंचं भाषण. सहा वीस ते सहा पस्तीस, चंद्रोदय पाहणे, सक्तीचे.

*

मचवा सारसोळ्याच्या धर्मा कोळ्याचा. शमुवेलनं त्याला निरोप धाडला होता तो एवढाच, की शनिवारी माणसं न्यायची आहेत.

शनिवारी आम्ही तीनलाच धक्क्यावर. तांदळाची पोती, पातेली, रूथची पेटी, सव्वीस पोरं. धर्माची बायको हिराबाई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आलेली, शिबिरात रांधायला. धर्मा एकदा पाण्याकडे बघे, एकदा आमच्याकडे.

"शेठ, पानी उतरतंय. आत्ता सोडला तर पोचू. चारला नाय पोचनार."

घाईघाईनं सगळ्यांना चढवलं. साडेतीनला मचवा तयार. धर्मानं दोर हातात घेतला, आणि मास्तर म्हणाले, "निघण्यापूर्वी प्रार्थना करू या."

घर. बेलापूर. पनवेल. पुणे. मास्तर डोळे उघडे ठेवून मुलामुलींमधलं अंतर बघत होते, त्यामुळे मध्ये मध्ये अडखळत होते, आणि अडखळले की तो देश पहिल्यापासून घेत होते. धर्मा टोपी काढून, दोर धरून, पाण्याकडे बघत उभा. आमेन झालं तेव्हा चार वाजून गेले होते.

पलीकडचा तीर हाकेवर आला आणि मचवा गाळात बसला. पुढे पाणी नाही, मागे पाणी नाही.

मी धर्माला म्हटलं, "अरे, मध्येच सांगायचं नाहीस का?"

तो म्हणाला, "शेठ, देवाचं नाव चाललं व्हतं. मधी कसा बोलनार?"

*

पंचांगाचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

धर्मानं त्या गाळातच मला विचारलं, "ही पुनव कोनी काढली?" मी खालच्या आवाजात खरं सांगितलं.

"पुनवेला भरती दुपारी, आनि दिवस बुडताना सुकती. आमच्या सारसोल्याच्या बारक्या पोराला बी ठावं हाय. पंचांग बगलात ना? मंग अर्धंच कशाला बगलात?"

मला वाटलं कोणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी कमिटी बसायच्या आदल्या दिवशी मास्तर एकटेच दुकानात आले. इकडेतिकडे बघितलं. साबणाची वडी मागितली. मी मागं वळलो तशी हळूच म्हणाले, "त्या खोक्यामागची फडक्यातली वस्तू... तीत अष्टमी कधी आहे बघा, तेव्हा भरती संध्याकाळी असते. आणि धर्माला बोलवा. पूर्ण बघू."

मी पंचांग काढलं आणि वाचताना तीन ठिकाणी अडलो. मास्तर ऐकत राहिले. म्हणाले, "शेठ, तुम्हाला जोडाक्षरं येत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून दुकान वाढवायच्या वेळेला ते येऊन पोत्यावर बसायचे आणि मला शिकवायचे. आधी पंचांग, मग बायबल, मग वर्तमानपत्र. दोन वर्षं. कधी चहाच्या पलीकडे काही घेतलं नाही. आज हे जे लिहितो आहे, त्यातलं प्रत्येक जोडाक्षर त्यांचं आहे. माझ्या दुकानातून त्यांनी साबणाच्या किती वड्या नेल्या आठवत नाही. त्यांनी मला काय दिलं ते मात्र रोज आठवतं.

*

आता परत त्या गाळात चला.

पाच वाजून गेले होते. समोर तीरावर मेट्रनबाई उभ्या, हातात पर्स आणि छत्री. त्यांनी हाक मारून सांगितलं, "मी पावणेसहापर्यंत थांबते. सहाची गाडी शेवटची आहे." आणि धर्मानं सांगितलं, "पानी यायला आठ वाजतील."

रूथ पेटीजवळ बसली होती. बोलकी मुलगी गप्प बसली की मचव्यात सगळ्यांना ऐकू येतं.

शमुवेल म्हणाला, "आम्ही चौघं उतरतो, खांद्यावरून नेतो."

"खबरदार," मास्तर म्हणाले.

हिराबाई बघत होती. तिचा जन्म त्या गाळात निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरण्यात गेलेला. कुठं पाऊल रुततं, कुठं टेकतं, तिला ठाऊक. तिनं लुगड्याचा काचा आवळला, पाटी डोक्यावर घेतली आणि खाली उतरली. गुडघ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"ये पोरी, माज्या मागं. मी पाय ठेवीन तिथंच ठेव. पातळ वर खोच, गुडघ्याच्या वर. नायतर वढून नेल गाळ."

रूथ उठून उभी राहिली. बापाकडे बघितलं.

मास्तरांनी मचव्याकडे बघितलं. चौदा तरुण पोरं, डोळे विस्फारून बसलेली. खिशात पंधरा नियमांचा कागद. पाण्याकडे बघितलं, जिथं पाणी नव्हतं. तीरावरच्या छत्रीकडे बघितलं. मग फळीवर उभे राहिले.

"प्रार्थना करू या. सर्वांनी डोळे मिटावेत. घट्ट."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मास्तर, मग लक्ष कोण ठेवणार?"

"परमेश्वर," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचेही डोळे मिटले.

मी व्यापारी माणूस. काट्यावर एक डोळा ठेवायची सवय. म्हणून मला दिसलं ते सांगतो. घर झालं, बेलापूर झालं, तेव्हा रूथ खाली उतरत होती. मास्तर दिल्लीत असताना तिचा एक पाय रुतला आणि हिराबाईनं दंडाला धरून काढला. मास्तरांना ते दिसलं नव्हतं, पण ते दिल्लीतच थांबले, दोनदा. ती सुटली तसे अरबस्तानाकडे निघाले. आफ्रिकेत सावकाश, एकेक नदी घेत. युरोप. अमेरिका, उत्तर आणि दक्षिण. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियासाठी झालेली प्रार्थना ऐकली. बेटंसुद्धा सोडली नाहीत. एका पोरानंही डोळा उघडला नाही. उघडला असता तर मला दिसलं असतं.

तीरावर हिराबाईनं बोंबलांची पाटी खाली ठेवली. रूथनं पातळ खाली सोडलं, चिखलाचे हात मागं लपवले आणि बाईंसमोर सरळ उभी राहिली. बाईंनी पर्समधून वही काढली.

"आमेन," मास्तर म्हणाले.

डोळे उघडले. तीराकडे बघितलं नाही. नियम नऊप्रमाणे मुली मोजायला लागले, बोट फिरवत, मोठ्यानं. एक, दोन, तीन. गणितात ज्यांची बेरीज कधी चुकली नाही असे ते मास्तर. दहा. अकरा. अकराव्या मुलीच्या शेजारी रूथची पेटी होती. मास्तर वाकले, त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"बारा," म्हणाले. "सगळ्या आहेत."