दोन्ही नावांची बाई एकच

मी कोल्हापूर सोडलं त्या दुपारी आई ड्युटी संपवून थेट एसटी स्टँडवर आली. घरी जाऊन साडी बदलायलाही तिला वेळ मिळाला नव्हता. अंगावर दवाखान्याची निळ्या काठाची पांढरी साडी आणि हाताला फिनेलचा वास. मुंबईची गाडी लागली होती आणि माझा थोरला भाऊ, संभादादा, बॅगा चढवत होता. आईने मला जवळ घेतलं नाही. माझ्या नव्या कपड्यांना तो वास लागू नये असं तिला वाटत असावं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ती म्हणाली, "पावणं, माझी पोरगी नर्स हाय. अमेरिकेला चाललीया." त्या माणसाने मान डोलावली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. आईला तेवढं पुरलं. ते अठ्ठ्याण्णव साल होतं.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. पेशंट तिला मावशी म्हणायचे, नर्स आणि डॉक्टरही मावशीच म्हणायचे. तिचं नाव मालन आहे हे फक्त पगाराच्या कारकुनाला माहीत होतं. बाबा उद्यमनगरात एका फाउंड्रीत होते. मी सहावीत असताना ते वारले. त्यानंतर आमच्या गडमुडशिंगी गावाहून रोज सकाळच्या बसने जाऊन, बेडपॅन धुऊन, उलट्या पुसून, मेलेल्यांना आंघोळ घालून तिने आम्हा दोघांना वाढवलं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, हे ती अभिमानाने सांगायची. आणि मग थोडं थांबून म्हणायची, "आन् मी सरकारची घाण काढायला लागलो." आमच्याकडे बायकाही "लागलो" असंच म्हणतात. तिकडच्या मराठी मंडळात एकदा मी असं बोलले तेव्हा पुण्याच्या बायका हसल्या होत्या.

एकदा सुट्टीत मी तिच्यासोबत वॉर्डात गेले. तिला मदत करावी म्हणून बादलीतलं फडकं पिळून फरशी पुसायला बसले, तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "हितं शिकायला यायचं. पुसायला न्हाय." तेव्हापासून नर्स व्हायचं ठरलं. ते मी ठरवलं की तिने, हे मला आजही सांगता येत नाही. तीन वर्षांचा कोर्स केला, एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स झाले. मी सलाइन लावताना बघायला ती एकदा आली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

मग लग्न झालं. मिलिंद कॉम्प्युटरमधले, माणूस शांत. सासरे निवृत्त शिक्षक होते. शकुंतला हे नाव त्यांना जुनं वाटलं, म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमाने माझं नाव प्रज्ञा ठेवलं. अर्थही समजावून सांगितला. मलाही आवडलं. एखादी नवी साडी नेसावी तसं मी ते नाव घेतलं. पासपोर्ट त्याच नावाने निघाला. एजंटाने कोणते कागद जोडले ते मी पाहिलंसुद्धा नाही. दहावीचं मार्कलिस्ट, नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं शकुंतला यशवंत कांबळे या बाईच्या नावावर राहिलं, आणि विमानात बसली ती प्रज्ञा मिलिंद गायकवाड.

तिकडे गेल्यावर कळलं, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करता येत नाही. मला तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या सरकारी कार्यालयातून जे कार्ड मिळालं त्यावर, हे कार्ड नोकरीसाठी चालणार नाही, असं छापलेलंच होतं. पाच वर्षं मी एका अपार्टमेंटमध्ये बसून काढली. दर रविवारी आईचा फोन. पहिलं वर्षभर मी सांगत होते, अजून कागद व्हायचेत. ती विचारायची, कागद व्हायला एवढे दिवस? दुसऱ्या वर्षी मी सांगून टाकलं, दवाखान्यात लागले. कुठल्या वॉर्डात, असं तिने लगेच विचारलं. मी म्हणाले, मेडिकल. त्यानंतर दर रविवारी मी तिला पेशंट बनवून सांगायची. कुणाचं ऑपरेशन झालं, कोण बरं होऊन घरी गेलं. ती गल्लीभर सांगत सुटायची.

कामाचा परवाना हातात आला तेव्हा मी आधी नर्सिंगच्या मागे लागले. माझ्या नर्सिंगच्या शाळेकडून सीलबंद पाकिटात सगळा अभ्यासक्रम थेट यायला हवा होता. शाळा बंद पडली होती. संस्थाचालक म्हणाले, रजिस्टरं सापडत नाहीत. आणि जे कागद माझ्याकडे होते ते शकुंतलाचे. वर्षभर पत्रं लिहून थकले. मग एका वृद्धाश्रमातच चालणाऱ्या नर्स एडच्या कोर्सला नाव घातलं. नर्स एड म्हणजे आया. तिथे त्याला सर्टिफिकेट आहे, परीक्षा आहे, इस्त्रीचा गणवेश आहे, पण काम तेच. अंग पुसायचं, कूस बदलायची, लंगोट बदलायचे.

आमच्या वर्गात बारा बायका होत्या, बहुतेक बाहेरच्या देशांतून आलेल्या. शिकवणाऱ्या मिस डोरोथी कडक होत्या, पण हलकट नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या हाताला टीबीची टेस्ट झाली. माझा हात सुजला. लहानपणी बीसीजी टोचलेल्या आपल्याकडच्या माणसांचा तो पुष्कळदा सुजतो, हे मला ठाऊक होतं. मी पाच वर्षं नर्स होते. मी तसं सांगितलं तर टेस्ट बघणारी पोरगी म्हणाली, छातीचा फोटो येईपर्यंत वेगळं बसा. तीन दिवस मी दाराजवळच्या खुर्चीवर एकटी बसून नोट्स घेतल्या. आईच्या दवाखान्यात टीबीच्या पेशंटला असंच बसवायचे, आणि त्याच्याजवळ जाणारी एकटी आईच असायची.

माझ्या शेजारी रोझलिन बसायची. हैतीची, तिच्या देशात शाळेत शिक्षिका होती. वर्गात सगळ्यांत हळुवार हात तिचे. माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं ते मी पुस्तकातून नाही, तिच्याकडून शिकले. मी वेगळी बसले होते तेव्हा डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसणारी तीच. दुसऱ्या आठवड्यात मिस डोरोथींनी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं मागितली. रोझलिनकडे झेरॉक्स होती. मूळ उद्या आणते म्हणाली. ती पुन्हा आली नाही. बऱ्याच महिन्यांनी तिचा फोन आला. कुणाच्या तरी घरी एका म्हातारीला सांभाळत होती, कागदाशिवाय, सुट्टीशिवाय. म्हातारीची मुलगी तिला मारिया म्हणायची, कारण आधीच्या बाईचं नाव मारिया होतं. हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही.

माझ्याकडे कागद होते, पण दोन बायकांचे. शिक्षणाचा पुरावा म्हणून मी दहावीचं मार्कलिस्ट दिलं होतं. परीक्षेच्या अर्जाची छाननी करणाऱ्या बाईने ते पासपोर्टशेजारी ठेवलं आणि विचारलं, ही शकुंतला कोण? मी म्हणाले, मीच. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मेलेल्या बाईचं नाव चोरून आणलंय. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं, पण प्रज्ञा कुठेच नव्हतं. आमच्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात, हे मी तिला तीनदा समजावलं. ती म्हणाली, कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं. जन्मापासून ओळखणारं कुणीतरी.

जन्मापासून ओळखणारी एकच होती.

मी दादाला पत्र पाठवलं, सोबत कोर्सचं इंग्रजी पत्र जोडलं, आणि आईला फक्त सही करायला सांग, बाकी काही सांगू नकोस, असं लिहिलं. दादा तिला घेऊन कोल्हापुरात कोर्टाजवळ एका नोटरीकडे गेला. नोटरी प्रामाणिक माणूस निघाला. त्याने इंग्रजी पत्र वाचून प्रतिज्ञापत्र इंग्रजीत आणि मराठीतही टाइप करून घेतलं आणि सहीआधी मराठीतलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शकुंतला यशवंत कांबळे व प्रज्ञा मिलिंद गायकवाड ही एकच व्यक्ती असून ती माझी मुलगी आहे. सदर प्रतिज्ञापत्र तिच्या परिचारिका सहायक, कंसात आया, या प्रशिक्षणासाठी देत आहे.

दादाने फोनवर मला एवढंच सांगितलं, की आईने नोटरीला तो शब्द परत वाचायला लावला. मग सही केली. मालन यशवंत कांबळे, एकेक अक्षर वेगळं काढत. गडमुडशिंगीला उतरल्यावर शेजारणीने कुठं गेलतासा म्हणून विचारलं, तर म्हणाली, शकूच्या मोठ्या नोकरीचा कागद करायला.

त्या रविवारी फोन मी केला. आधी बराच वेळ ती पावसापाण्याचं बोलली. मग म्हणाली,

"मेडिकल वॉर्डात आया हाईस व्हय?"

मी म्हणाले, अजून नाही, परीक्षा आहे. खरं सांगायचं तर मला त्यावेळी हसूच यायला लागलं होतं, रडण्याआधी येतं तसं.

"माझंच काम करायला एवढ्या लांब गेलीस," ती म्हणाली. "हितं सांगितली असतीस तर माझ्या जागेवर लावलं असतं की."

एवढं बोलून तिने फोन दादाकडे दिला. पुढे तीन महिने ती फोनवर आली नाही.

मी परीक्षा पास झाले. छातीवर नावाचं कार्ड लागलं. तिथली म्हातारी माणसं ते नाव प्रॅग्ना वाचायची, बहुतेक जण वाचायचीच नाहीत. मी ते काम चांगलं केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती शिफ्टला येणाऱ्या नर्स माझ्यासमोर सलाइन लावायच्या तेव्हा. एकीला शीर सापडत नव्हती. मला ती बाहेरूनच दिसत होती. मी बोट दाखवलं, तर ती म्हणाली, तू तुझं काम कर.

दोन हजार सहा साली दादाचा फोन आला, आईला अर्धांगाचा झटका आलाय. मी पंधरा दिवसांची रजा काढून गेले. घर तेच होतं, फक्त समोर रस्ता झाला होता आणि दारात दादाची मोटरसायकल. आई खाटेवर, डावी बाजू गेलेली, बोलणं जड पण समजेल असं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "पोरगी आलीया. नर्स हाय." लोक माझ्याकडे वळून गोळ्यांची नावं विचारायचे. तिला सगळं माहीत होतं, आणि माझं खोटं आता ती सांगत होती. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चादर ओली झाली. दादाने गावातली एक बाई कामाला लावली होती, सुमन नावाची. ती अजून यायची होती. मी पाणी गरम केलं, टॉवेल घेतला, आणि रोज दहा अनोळखी माणसांना वळवते तशी आईला वळवायला तिच्या कमरेखाली हात घातला. तिने तिच्या धडक्या उजव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून ताकद होती.

"तू न्हाय. सुमनला येऊ दे."

मी म्हणाले, आई, ओलं राहिलं तर पाठीला जखम होईल. ती म्हणाली, होऊ दे. मी हट्टाने दुसरा हात घातला, तर ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी हात काढून घेतला. सुमन येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो, ती ओल्यात आणि मी कोरडी. सुमनने धसमुसळेपणाने तिला वळवलं. तिची मान लोंबकळली, तरी मी जागची हलले नाही. सगळं झाल्यावर आईने खुणेने मला जवळ बोलावलं आणि हात पुढे केला. बीपी बघायला.

पंधरा दिवस मी तिचं फक्त बीपी बघितलं. सकाळ-संध्याकाळ. आकडा वहीत लिहून तिला वाचून दाखवायची आणि ती सुमनकडे बघायची, बघितलंस का, अशी. पुढच्या वर्षी ती गेली तेव्हा मी अमेरिकेत, शिफ्टवर होते.

इकडे लोक विचारतात, घरची आठवण येते का. येते. आता त्या घराला कुलूप असतं, दादा मलकापूरला बदलून गेला. मी अजून तेच काम करते, हातही आता रोझलिनसारखेच हळुवार झालेत. अनोळखी म्हाताऱ्या माझ्या खांद्याला धरून उठतात आणि थँक्यू म्हणतात. पण गडमुडशिंगीतल्या त्या खोलीत मला कुणी बादलीला हात लावू दिला नसता. जगात तेवढ्या एकाच घरात मी नर्स होते.